कल्पित धर्माच्या शाखा आणि प्रांतोप्रांतीचे विधी कसे रचावेत

कल्पित जगावर कादंबरी लिहिणाऱ्या किंवा खेळ रचणाऱ्या नव्या लेखकांची हस्तलिखिते गेली काही वर्षे माझ्याकडे वाचायला येतात, आणि त्यांतील धर्माचे प्रकरण बहुतेक वेळा एकाच जागी फसलेले असते. लेखक आधी देव ठरवतो, मग त्या देवाच्या तीन-चार शाखा पाडतो, प्रत्येक शाखेला एक रंग, एक चिन्ह आणि एक गुण वाटून देतो, आणि उरलेल्या जागेत विधी भरतो. असा धर्म वाचताना तक्त्यासारखा दिसतो. त्यात कोणाला उशीर होत नाही, कोणाचे साहित्य कमी पडत नाही, कोणाचे सासर आणि माहेर वेगवेगळ्या शाखांचे नसते. ही चूक क्रमाची आहे. विधी एखाद्या प्रांतात अडतो, अडल्यावर तिथले लोक त्यातून वाट काढतात, ती वाट दुसऱ्या प्रांताला खटकते, आणि तत्त्वज्ञान त्या खटक्याला मागाहून शब्द देते. म्हणून खालचे टप्पे नेहमीच्या सवयीच्या उलट वाटले तरी त्याच क्रमाने करावेत.

लेखभर एकच कल्पित उदाहरण चालवले आहे, म्हणजे टप्प्यागणिक काय बदलते ते दिसेल. आपल्याकडच्या परंपरांचे दाखले मापासाठी दिले आहेत, उचलून वापरण्यासाठी नव्हेत.

आधीची तयारी

कामाला बसण्यापूर्वी तीन गोष्टी समोर असाव्यात. पहिली म्हणजे नकाशा, आणि त्यावरील अंतरे कोसांत किंवा किलोमीटरमध्ये न लिहिता चालण्याच्या दिवसांत लिहिलेली असावीत, कारण विधीला अडथळा दिवसांचा होतो. दुसरी म्हणजे प्रत्येक प्रांताची एक छोटी यादी: तिथे कोणते धान्य पिकते, कोणते लाकूड मिळते, भांडी कशाची असतात, पाऊस किती महिने पडतो आणि त्या काळात कोणते रस्ते बंद होतात. तिसरी म्हणजे कोरी दिनदर्शिका, जिच्यावर अजून एकही सण लिहिलेला नाही.

माझ्या उदाहरणात चार जागा आहेत. घाटमाथ्यावर एक झरा आहे. त्याच्या पश्चिमेला घाट उतरून एका दिवसावर किनारपट्टी आहे, पण तिथली बरीचशी गावे खाडीपलीकडे असल्याने होडीशिवाय गाठता येत नाहीत. पूर्वेला तीन दिवसांवर पठार आहे. पठाराच्याही पलीकडे, झऱ्यापासून बारा दिवसांवर, कोरडे मैदान आहे, जिथे बाभळीखेरीज धड लाकूड नाही.

खबरदारी: या घडीला धर्माला, शाखांना किंवा देवाला नाव देऊ नये. नाव दिले की लेखक नावाच्या अर्थाला धरून विधी घडवू लागतो, आणि पुढचे सगळे काम त्या एका शब्दाच्या ओझ्याखाली वाकते.

टप्पा १ : एक विधी आणि त्याची एक कठीण अट ठरवा

धर्मात पुढे शंभर विधी असतील, पण सुरुवात एकाच विधीपासून करावी आणि तो घरातला असावा. मंदिरातला महोत्सव घेतला तर त्याची काळजी पुजारी वाहतात आणि सामान्य माणूस प्रेक्षक राहतो. घरातला विधी प्रत्येकाला स्वतः करावा लागतो, त्यामुळे अडचणही प्रत्येकाची असते.

उदाहरणातला विधी असा: नवे घर मांडताना पहिली चूल पेटवण्यापूर्वी तिच्यावर झऱ्याचे पाणी शिंपावे लागते. अट अशी की झऱ्यापासून चुलीपर्यंत पाण्याचा घडा टेकवायचा नाही. ही अट धर्माच्या मूळ स्त्रीने, एका पाणकीने, सांगितली असे सर्व जण मानतात, आणि तिचे शब्दही सर्वांना पाठ आहेत: “घडा टेकवू नका.” या वाक्यात एक शब्द गाळलेला आहे, तो पुढे कामाला येईल.

अट निवडताना ती हातापायांना जाणवणारी असावी. “मन शुद्ध ठेवावे” या अटीतून शाखा फुटत नाहीत, कारण ती पाळली की मोडली हे शेजाऱ्याला दिसत नाही. घडा खाली ठेवला की नाही, हे मात्र सगळ्या गावाला दिसते.

तपासणी: आपली अट एखाद्या दहा वर्षांच्या मुलाला एका वाक्यात सांगून पाहावी. त्याने लगेच “मग अमुक झाले तर?” असे विचारले, तर अट योग्य आहे.

टप्पा २ : तोच विधी प्रत्येक प्रांतात चालवून पाहा

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा. एका प्रांतातला एक माणूस डोळ्यांसमोर आणून त्याला विधीच्या पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत चालवावे, आणि तो जिथे थबकेल तिथे थांबून लिहावे.

पठारावरचा माणूस झऱ्यावर घडा भरतो. त्याला तीन दिवस चालायचे आहे, म्हणजे दोन रात्री काढायच्या आहेत. घडा टेकवायचा नाही म्हणून तो एकटा जाऊ शकत नाही. एक झोपला की दुसऱ्याने घडा खांद्यावर घ्यायला हवा. सुरुवातीला भाऊ, मेहुणे, शेजारी सोबत जातात. पुढे लग्ने एकाच हंगामात येऊ लागल्यावर माणसे अपुरी पडतात आणि घडा वाहण्याचे काम पत्करणारी माणसे तयार होतात. दोन पिढ्यांत तो वंशपरंपरेचा मान होतो, त्याला धान्यातला वाटा ठरतो, आणि वाहकाच्या खांद्याशिवाय आलेले पाणी अशुद्ध मानले जाऊ लागते. पाणकीने वाहकांबद्दल एक अक्षर सांगितले नव्हते, तरीही पठारावर हा धर्म आता वाहकांशिवाय चालत नाही.

किनाऱ्यावरच्या माणसाला एकच दिवस चालायचे आहे, पण त्याला होडीत बसायचे आहे. होडी हलते, मांडीवर घडा धरला तर खारे पाणी उडते. त्याने घरातले शिंके होडीत आणले, आडव्या काठीला बांधले आणि घडा त्यात टांगला. टांगलेला घडा कुठेच टेकलेला नाही, असे त्याचे म्हणणे. पुढे तो घडा घरातही शिंक्यातच राहू लागला, आणि झऱ्याचे पाणी लागेल तेव्हा घरातच मिळू लागल्याने किनाऱ्यावर हा विधी चुलीपुरता न उरता बारसे, आजारपण आणि मृत्यू इथपर्यंत पसरला. सोय झाली की विधी वाढतो, हे नव्या लेखकांच्या ध्यानात सहसा येत नाही.

मैदानातल्या माणसाचे हाल सर्वांत मोठे. बारा दिवस वाहक परवडत नाहीत. त्यात मातीचा घडा पाझरतो; उन्हात त्याच्या अंगातून पाणी सुटत राहते आणि गाव येईपर्यंत तो निम्मा होतो. त्यामुळे मैदानात दोन तोडगे निघाले. एक म्हणजे बाभळीच्या लाकडाची तिवई: घडा तिवईवर ठेवतात आणि तिवई जमिनीवर. दुसरा म्हणजे “भर”: गावच्या वेशीवर आल्यावर झऱ्याच्या उरलेल्या पाण्यात गावच्या विहिरीचे पाणी घालून घडा काठोकाठ करतात. मैदानातल्या जुन्या घरांत ही तिवई माळ्यावर उलटी ठेवलेली असते. तिच्या तिन्ही पायांना चिंध्या गुंडाळलेल्या असतात, आणि त्या मातीने काळवंडलेल्या चिंध्या कधी धूत नाहीत, कारण त्यांना लागलेली माती बारा मुक्कामांची असते.

हा सगळा तपशील एका अटीतून आणि चार जागांतून निघाला. त्यासाठी वेगळा देव लागला नाही.

आपल्याकडचे माप हवे असेल तर भाद्रपदातल्या गौरी पाहाव्यात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मुळावर विसर्जन हा सांगाडा सगळीकडे सारखा. पण कोणाकडे पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांच्या गौरी असतात, कोणाकडे तेरड्याच्या, कोणाकडे मुखवट्यांच्या; मराठवाड्यात आणि विदर्भात त्याच महालक्ष्म्या होऊन साडी नेसून उभ्या राहतात; कोकणात नव्या सुनांचा ओवसा, म्हणजे भरलेल्या सुपाने गौरीला ओवाळणे, असतो आणि काही घरांत गौरीला तिखटाचा, म्हणजे सामिष, नैवेद्य लागतो. सांगाडा स्थिर आणि साहित्य, रूप, जेवण बदलते, हे प्रमाण आपल्या कल्पित धर्मातही सांभाळावे. सगळेच बदलले तर वाचकाला तो एक धर्म वाटत नाही.

तपासणी: प्रत्येक प्रांतासाठी “हा बदल कोणत्या अडचणीमुळे झाला?” या प्रश्नाचे उत्तर भूगोल, ऋतू, पैसा किंवा मनुष्यबळ यांपैकी एकाने देता यायला हवे. उत्तर “तिथले लोक शूर आहेत म्हणून” असे येत असेल तर तो बदल खोडावा.

टप्पा ३ : सवलत कोणी दिली ते ठरवा

तोडगा निघाला म्हणजे तो मान्य झाला असे नाही. कोणीतरी तो चालेल असे म्हटले पाहिजे, आणि कोणीतरी चालणार नाही असे म्हटले पाहिजे. नव्या लेखकांकडून हा टप्पा जवळजवळ नेहमी सुटतो.

सवलतीला धर्मात स्वतःचे व्याकरण असते. आपल्या नेहमीच्या पूजेत दागिने नसले तर गुरुजी “अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि” म्हणतात आणि तांदळाचे चार दाणे दागिन्यांच्या जागी चालतात. मूर्ती नसली तर सुपारीचा गणपती चालतो. पण प्रत्येक गोष्टीच्या जागी प्रत्येक गोष्ट चालत नाही, आणि काय कशाच्या जागी चालेल हे ठरवण्याचा अधिकार घरातल्या कोणाचाही नसतो. आपल्या कल्पित धर्मात तो अधिकार कोणाकडे आहे? ग्रंथाकडे, मूळ पुरुषाच्या वंशाकडे, शिष्यपरंपरेकडे, झऱ्याजवळच्या मठाकडे, की गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडे? प्रांतागणिक उत्तर वेगळे असू शकते.

माझ्या उदाहरणात किनाऱ्यावरच्या शिंक्याला कोणी परवानगी दिलीच नाही. ते बायकांनी सुरू केले आणि रुळले. मैदानातल्या तिवईला मात्र झऱ्यावरच्या रखवालदारांनी तोंडी संमती दिली असे मैदानातले लोक सांगतात, आणि पठारावरचे वाहक अशी संमती कधी दिलीच गेली नव्हती असे सांगतात. वाहकांच्या या नकारामागे श्रद्धा आहे आणि पोटही आहे, कारण तिवई मान्य झाली तर त्यांचा धान्यातला वाटा जातो. दोन्ही कारणे एकाच माणसात एकत्र नांदू द्यावीत. त्याला नुसता लोभी दाखवला की शाखा खोटी पडते.

तक्रार कुठे आणि कशी मांडली जाते, हेही लिहून ठेवावे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात दिंड्यांना क्रमांक असतात, रथापुढे सत्तावीस आणि बाकीच्या रथामागे, आणि तो क्रम काटेकोरपणे पाळला जातो. मुक्कामाच्या ठिकाणी समाजआरतीच्या वेळी चोपदार शांततेची खूण करतात, आणि तरीही एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहिले तर त्या दिंडीची काही तक्रार आहे असे समजून ती ऐकून घेतली जाते. तक्रारीलाही असा आचार असतो. आपल्या धर्मात तो कोणता आहे, हे सुचले की शाखांमधले नाते आपोआप बोलू लागते.

टप्पा ४ : आता फूट पाडा

इथपर्यंत फक्त प्रांतभेद होते. प्रांतभेद म्हणजे शाखा नव्हे. एकमेकांचे वेगळेपण ठाऊक असूनही लोक एका पंक्तीला बसत असतील तर शाखा अजून फुटलेली नाही. पंगत, लग्न किंवा तीर्थावरचा मान यांपैकी एक तरी तुटला की शाखा झाली असे समजावे.

फुटीची कारणे थोडीच असतात, आणि एका फुटीला एक मुख्य आणि एक जोडकारण पुरते.

वाक्याचा अर्थ. पाणकीच्या वाक्यात “जमिनीवर” हा शब्द नाही. पठार म्हणते, कशावरच टेकवू नका. मैदान म्हणते, जमिनीवर टेकवू नका, तिवई म्हणजे जमीन नव्हे. दोघांचे वाक्य एकच असल्याने कोणीही पुरावा दाखवून दुसऱ्याला गप्प करू शकत नाही. ग्रंथावरून वाद हवा असेल तर ग्रंथात चूक घालण्यापेक्षा एक शब्द गाळावा.

वारसा. मूळ पुरुष किंवा त्याचा पहिला उत्तराधिकारी गेल्यानंतरची पिढी ही धोक्याची. महानुभाव पंथात श्रीचक्रधरांनंतर नागदेवाचार्यांनी मंडळी सांभाळली, आणि पुढच्या काळात उपाध्ये, कवीश्वर असे आम्नाय, म्हणजे उपपंथ, वेगळे झाले. पंथाचे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले गेले, आणि त्यामुळे ग्रंथ कोणाला वाचता येतो हाच शिष्यत्वाचा भाग झाला. ज्याच्या हातात वाचण्याची किल्ली, त्याच्या हातात शाखा.

दिनगणना. हे कारण लेखक क्वचितच वापरतात, आणि ते फार जोरकस आहे. अठराव्या शतकात सुरतेच्या पारशांमध्ये आपली दिनगणना इराणी जरथुश्त्रींपेक्षा एक महिना मागे आहे, या मुद्द्यावरून कदमी आणि शहेनशाही असे दोन पक्ष झाले. देव एक, ग्रंथ एक, अग्नी एक, आणि वाद तीस दिवसांचा. आपल्या घरातल्या दिनदर्शिकेतही कधीकधी लागोपाठच्या दोन दिवशी स्मार्त एकादशी आणि भागवत एकादशी छापलेली असते. अरुणोदयाला दशमीचा स्पर्श झालेली एकादशी भागवत संप्रदाय धरत नाही, म्हणून त्यांचा उपवास दुसऱ्या दिवशी येतो. एकाच वाड्यात एका बिऱ्हाडी भगर शिजते आणि दुसऱ्या बिऱ्हाडी भाकरी. इथे पंगत तुटत नाही, पण ओळख पक्की होते.

तुटलेला संपर्क. कोकणातले बेने इस्राएल दीर्घकाळ इतर ज्यू समाजापासून दूर राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे गावाने त्यांना “शनिवार तेली” म्हटले. ‘शमा’ ही प्रार्थना, शब्बाथ आणि सुंता त्यांनी टिकवली, आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या स्मरणाचा मलिदा, गोड पोहे, खोबरे आणि फळांचा, हा त्यांचा स्वतःचा विधी झाला. मुळापासून तुटलेली शाखा काय विसरेल यापेक्षा कशाला घट्ट धरून राहील, हे आधी ठरवावे. सहसा ज्याला ग्रंथ लागत नाही ते टिकते: आठवड्यातला एक दिवस, शरीरावरची एक खूण, तोंडपाठ चार ओळी.

सुधारणा. एखादी शाखा जुन्याला नाकारून उभी राहते. तिने सगळे नव्याने घडवले असे दाखवण्याचा मोह टाळावा. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि भटाविना लग्ने लावण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हाही मंगलाष्टके राहिली. ती नव्याने रचली गेली आणि वधूवरांच्या तोंडी परस्परांना द्यायची वचने आली. चौकट ओळखीची आणि आशय नवा, यामुळेच सामान्य माणूस ती पद्धत स्वीकारू शकतो.

खबरदारी: एका धर्मात दोनच शाखा दाखवल्या तर वाचक त्यांतली एक खरी आणि एक खोटी ठरवून मोकळा होतो. तीन असाव्यात, आणि कोणत्याही दोघींना तिसरीविरुद्ध एकत्र येण्यासारखा एखादा मुद्दा असावा. माझ्या उदाहरणात पठार आणि किनारा मिळून मैदानाच्या “भर” घालण्याला विरोध करतात; पठार आणि मैदान मिळून किनाऱ्याच्या घरोघरच्या साठ्याला विरोध करतात; किनारा आणि मैदान मिळून वाहकांच्या मक्तेदारीला.

टप्पा ५ : नावे ठेवा

आता नावे द्यावीत, आणि प्रत्येक शाखेला किमान दोन: स्वतःचे आणि दुसऱ्यांनी ठेवलेले. पठारावरचे स्वतःला “खांदेकरी” म्हणवतात. मैदानातले त्यांना “भाडोत्री” म्हणतात. मैदानातले स्वतःला “विसाव्याचे” म्हणतात, पठारावरचे त्यांना “टेके”. किनाऱ्यावरच्यांना सगळेच “शिंकेकरी” म्हणतात आणि त्यांनी ते नाव खुशीने घेतले आहे. धर्माला स्वतःचे नाव बाहेरच्यांशी बोलतानाच लागते. आतली माणसे फक्त “आपल्यात” म्हणतात.

इथली नेहमीची चूक म्हणजे सगळी नावे जड संस्कृतात ठेवणे. मठाच्या कागदावर तसे नाव शोभते, पण बाजारात हाक मारताना माणूस चार अक्षरांच्या पुढे जात नाही.

एखादा शब्द प्रांत ओलांडताना झिजू द्यावा. “येळकोट येळकोट जय मल्हार” मधला येळकोट हा कानडी “एळु कोटि”, म्हणजे सात कोटी. मराठी तोंडात त्याचा हिशेब गेला आणि गजर उरला. खंडोबाच्या सेवेकऱ्यांचेही तसेच: कर्नाटकात मैलारला गोरवय्या अस्वलाच्या केसांची टोपी घालतो, आणि जेजुरीच्या परंपरेत वाघ्याकडे वाघाच्या कातड्याची भंडाऱ्याची पिशवी असते. देव एकच, जनावर बदलले. माझ्या उदाहरणात झऱ्यावर घडा उचलताना “उचल गे” म्हणतात. मैदानात पोचेपर्यंत त्याचे “उच्चलगा” झाले आहे आणि मुले ते पाणकीचे नाव समजतात.

तपासणी: नाव मोठ्याने, रागाने आणि मग लाडाने उच्चारून पाहावे. तिन्ही वेळा जमले तर ठेवावे.

टप्पा ६ : दिनदर्शिका भरा

प्रांताचे सण त्याच्या शेतीला आणि वाटांना बांधलेले असतात, म्हणून कोऱ्या दिनदर्शिकेवर आधी पेरणी, कापणी, बंद घाट आणि खवळलेला समुद्र लिहावा; त्यानंतर उरलेल्या दिवसांत सण. पावसाचे चार महिने घाट बंद असल्याने पठारावर त्या काळात नवी चूल पेटत नाही. किनाऱ्यावर शिंक्यात साठा असतो, म्हणून तिथे पावसातही घर मांडता येते, आणि पठारावरचे लोक अशा चुलीला “शिळ्या पाण्याची चूल” म्हणतात.

महिन्यांची नावे तीच ठेवून सुरुवात बदलली तरी मोठा फरक दिसतो. आपला श्रावण उत्तरेकडच्या श्रावणापेक्षा पंधरा दिवस उशिरा सुरू होतो, कारण आपला महिना अमावास्येला संपतो आणि त्यांचा पौर्णिमेला. कल्पित जगात असा एक फरक पुरेसा आहे; दोन केले तर लेखकालाच हिशेब राहत नाही.

व्रताला शेवट असावा आणि त्या शेवटाला चव असावी. चातुर्मासात वांगे आणि कांदा सोडलेली घरे मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि मग ते खायला लागतात. उपवास लिहिणारे अनेक लेखक तो सुटतो कशावर, हे लिहायचे विसरतात.

टप्पा ७ : प्रत्येक प्रांताचा विधी पानभर लिहून काढा

प्रत्येक प्रांतासाठी एक पान, आणि ते सासूने नव्या सुनेला सांगितल्यासारखे लिहावे: “आधी हात धू, मग तिवई उतरव, चिंध्या पाहा, एखादी सुटली असेल तर तीच परत बांध, नवी लावू नकोस.” अशा लिहिण्यात आपोआप पुढील गोष्टी ठरतात: कोण काय करते, कोणाला हात लावायची मनाई आहे, चुकले तर काय करायचे, विधीनंतर काय खायचे आणि विधीचे साहित्य पुढे कुठे जाते.

चुकल्यावरचा उपाय अवश्य लिहावा. खांदेकऱ्यांचा घडा वाटेत टेकला तर पाणी तिथेच ओतून टाकतात आणि परत झऱ्यावर जातात. त्या जागी एक दगड ठेवतात. पठाराच्या वाटेवर असे शेकडो दगड आहेत. शिंकेकऱ्यांची दोरी तुटली तर घरातली सर्वांत लहान मुलगी नवी दोरी वळते. मैदानात तिवई मोडली तर तिचे लाकूड त्याच चुलीत जाते.

तपासणी: तिन्ही पाने शेजारी ठेवून पाहावे. किमान तीन कृती तिन्हींत तंतोतंत सारख्या असाव्यात. माझ्याकडे त्या अशा: घडा उचलताना पूर्वेकडे पाठ, पाणी तीन वेळा शिंपणे, आणि पहिल्या चुलीवर पहिला पदार्थ भात किंवा भाकरी न करता नुसते पाणी उकळणे.

टप्पा ८ : सीमेवरची माणसे आणा

आतापर्यंतची रचना फार स्वच्छ आहे. ती मळवावी. पठार आणि मैदान यांच्या सीमेवर अशी गावे असतात जिथे वाहकही बोलावतात आणि तिवईही ठेवतात. काही जण लग्नात खांदेकरी आणि मृत्यूत शिंकेकरी असतात. पुष्कळ जणांना वाद ठाऊकच नसतो. आजी करत होती म्हणून ते करतात. झऱ्यावर तिन्ही शाखांची माणसे एका रांगेत उभी असतात आणि रांगेत कोण आधी यावरून रोज भांडतात.

खबरदारी: जिवंत समाजाचा विधी नाव बदलून कल्पित धर्मात, आणि विशेषतः दुष्टांच्या पंथात, बसवू नये. वाचक ओळखतो, आणि ज्यांचा तो विधी आहे त्यांना तो लागतो. उचलायचे असेल तर अडचण आणि तिच्यातून निघालेला तोडगा यांचे नाते उचलावे. वस्तू, गजर आणि मंत्र स्वतःचे घडवावेत.

टप्पा ९ : पुस्तकात किती आणायचे

वहीत जे जमले त्यातले फार थोडे पुस्तकात यावे. शाखांचा इतिहास सांगणारे प्रकरण लिहू नये, आणि एखाद्या वृद्ध गुरूने तो पात्रांना ऐकवू नये. शाखा प्रसंगातून दिसाव्यात. त्यासाठी एक प्रसंग मी सर्वांना लिहायला सांगतो, आणि तो जमला नाही तर टप्पा दोनपर्यंत मागे जायला सांगतो.

विसाव्याच्यांची मुलगी खांदेकऱ्यांच्या घरी सून म्हणून आली आहे. पहाट आहे, वाहक घडा घेऊन दारात उभा आहे आणि तो घडा आता तिच्या खांद्यावर येणार आहे. चूल अजून लिंपून ओली आहे, म्हणून थांबावे लागणार आहे. किती वेळ, ते कोणी सांगत नाही. सासू समोर आहे. मुलीच्या खांद्याला रग लागते आणि तिची नजर कोपऱ्यात, जिथे माहेरी तिवई असते तिथे, आपसूक जाते. हा प्रसंग दोन पाने लिहावा, आणि त्यात “शाखा”, “पंथ”, “परंपरा” हे शब्द एकदाही येऊ देऊ नयेत.